डोंगर उजव्या हाताला

३ नोव्हें., सोम.
डॉक्टरांनी दोन डिसेंबर दिली. डावा गुडघा बदलायचा. पुढे सायकल? विचारलं तर म्हणाले, "जोईशुं, काका." हे 'जोईशुं', म्हणजे 'बघू', मी रिफायनरीत बत्तीस वर्षं ऐकलंय. त्याचा अर्थ नाही असाच होतो.
म्हणजे हातात एक महिना. हालोल, शिवराजपूर, जांबुघोडा, बोडेली, डभोई, बडोदे. पावागडाभोवतीचा हा सायकलचा वळसा मी चारदा केला, चारही वेळा मेंटेनन्सच्या मित्रांबरोबर. सुधाला दर वेळी सांगितलं, पुढच्या खेपेला तू. तेव्हा तिला सायकल येत नव्हती, ही माझी सबब. चार वर्षांपूर्वी, पंचावन्नाव्या वर्षी, ती सोसायटीच्या आवारात पडत-झडत शिकली. सबब संपली.

४ नोव्हें.
सु.ला सांगितलं. गुडघ्याचं काय, एवढंच विचारलं. म्हटलं, चालेल. पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, बाजरीच्या भाकऱ्या दोन दिवस टिकतात. म्हणजे हो.

९ नोव्हें., रवि.
सावली गावापर्यंत जाऊन आलो. मी पुढे, ती मागे. दर दोन कि.मी.ला मान वळवून बघायचो, ती असायचीच. निघाल्यापासून तोच वेग, परत येईपर्यंत. हे कुठे शिकली?
घराजवळ, सुभानपुऱ्यात शिरताना गुडघा भयंकर दुखला. तिला कळू दिलं नाही. दुपारी ती निजल्यावर फ्रीजरमधली मटाराची पिशवी लावून बसलो.

१२ नोव्हें.
रात्री जेवायला मटाराची उसळ. पिशवी मऊ का पडली, असं तिने विचारलं नाही. वाढताना फक्त माझ्या गुडघ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. दोनदा उसळ मागून घेतली.

१६ नोव्हें., रवि.
ऑपरेशनआधी सत्यनारायण हवा, हा तिचा हट्ट. गुरुजी नेहमीप्रमाणे, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." तिने लावला. नंतर प्रसादाचा शिरा वाटताना म्हणाली, छत्तीस वर्षं सगळं तुम्ही केलंत, मी नुसता हात लावला, तरी अर्धं पुण्य माझं. फुकटची कमाई. गुरुजी हसले. मी नाही. मला वाटलं, खरंच, हिला कधी पुढे बसवलंच नाही.
संध्याकाळी भांडण. माझा आराखडा: आधी डभोईचा सपाट रस्ता, गुडघा तापू दे, मग चढ. तिचं म्हणणं, पावागड उजव्या हाताला राहिला पाहिजे. प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत. म्हटलं, ही सायकलची सहल आहे. म्हणाली, तुमची असेल.
हालोलकडून जायचं ठरलं.

२२ नोव्हें., शनि. जांबुघोडा.
पाचला निघालो. हालोलपर्यंत उत्तम. चांपानेरला चहा, भाकरी, लसणाची चटणी. डोंगर उजवीकडे. सु. खूश, दर थोड्या वेळाने मान वर करून बघत होती.
शिवराजपूरनंतर साग सुरू. लहान चढ दोन काढले. मग तो लांब चढ, जो चारही वेळा मी न उतरता चढलो होतो. पायथ्यापासून शंभर पावलं गेलो असेन. गुडघा आतून सटकला. पडलो नाही, पण पाय खाली टेकला तो पुन्हा पेडलवर ठेवता येईना. सायकल धरून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.
सु. आली, उतरली. बाटली दिली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिला म्हटलं, परत जाऊ. ती चढाकडे बघत होती.
मागून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने थांबवला, बघितलं, सगळं समजला. "काका, बेसी जाओ ने. काकी तो पहोंची जशे." मी बसावं, काकी पोचतीलच, म्हणत माझी सायकल त्याने कॅनांच्या शेजारी बांधलीसुद्धा.
सु. तिच्या सायकलवर बसली. उजवा हात माझ्यापुढे धरला.
"अहो, हाताला हात लावा."
भर रस्त्यात, ड्रायव्हरसमोर. लावला. मनगटाच्या जरा वर, ती लावते तिथेच. घामाने ओला होता.
मग ती गेली.
टेम्पो तिला मागे टाकून वर पोचला. मी माथ्यावर दगडावर बसलो. सायकलवर मी कायम तिच्या पुढे, मान वळवून बघणारा. तिला समोरून येताना आज पहिल्यांदा पाहिलं. पदर खोचलेला, तोंड लाल, ओठ हलताहेत. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. वर आल्यावर विचारलं. म्हणाली, तुम्हाला शिव्या घालत होते.
पुढचा उतार दोघांनी मिळून. उताराला गुडघा काही बोलला नाही.

२३ नोव्हें., रवि.
बोडेली, डभोई, घर. सपाट. उजव्या पायावर सगळा भार, सु. पुढे. तिने मान वळवून किती वेळा बघितलं ते मोजलं नाही, पण पुष्कळदा.
मुलीचा पुण्याहून फोन. वळसा पूर्ण झाला का, बाबा? सु. स्वयंपाकघरातून ओरडली, झाला. मी म्हटलं, तिचा झाला.

२५ नोव्हें.
वाद चालूच. माझं म्हणणं, तो चढ मी टेम्पोत बसून केला, म्हणजे केला नाही. तिचं म्हणणं, मग छत्तीस वर्षांच्या माझ्या पूजाही झाल्या नाहीत का.

२ डिसें., मंगळ. दवाखाना.
नऊला आत नेणार. भीती वाटते, लिहून टाकतो. सु. शेजारी स्टुलावर, थर्मासचं झाकण उघडते, लावते, पुन्हा उघडते. तिलाही वाटते.
वही बरोबर आणली. मागच्या पानावर चारही वळसे, प्रत्येकापुढे शाईने 'पूर्ण'. पाचव्यापुढची जागा कोरी. मला तिथे काही लिहिता येत नाही. तो चढ अजून तिथेच आहे, आणि गुडघा नवा येतोय.
नर्स आली. वही आणि पेन सु.कडे देतोय, मागचं पान उघडून.