अडतीस किलोंचा खरा आवाज

२ मार्च, शनिवार

अ‍ॅम्प घरी आला, माझ्या बास गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. १९६८ सालचा, संपूर्ण व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा. डॉनकास्टरच्या एका निवृत्त माणसाच्या गॅरेजमध्ये गोधडीखाली पडून होता. वजन अडतीस किलो. स्पीकरचं खोकं वेगळं, ते कपाटाएवढं. मी आणि बाबांनी दोन्ही जिन्याने वर नेलं. मधल्या पायरीवर बाबा खाली बसले आणि म्हणाले, "पोरी, विद्यापीठात तीन वर्षं काढलीस. चाकं असलेली वस्तू निवडावी, एवढंही नाही शिकवलं?"

मी चिडले नाही. म्हणजे चिडले, पण बोलले नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. समजून घेणं माझ्याच वाट्याला येतं.

माझा आधीचा अ‍ॅम्प, डब्याएवढा, डिजिटल, आजच शाळेच्या मदतविक्रीत देऊन टाकला. परतीचा रस्ता ठेवायचा नाही.

३ मार्च, रविवार

पहिल्यांदा चालू केला. व्हॉल्व्ह तापायला दीड मिनिट. मग तो गूं असा सूर धरतो. हा दोष नाही. ही जिवंतपणाची खूण आहे. डिजिटल आवाज म्हणजे नुसते आकडे. इथे वीज आहे, काच आहे, उष्णता आहे. बासची एक तार छेडली आणि खालच्या मजल्यावर कपाटातल्या बशा वाजल्या.

बाबांनी खालून ओरडून विचारलं, वर किटली लावलीस का?

या माणसाने ऐन तारुण्यात अकरा वर्षं क्लबांमधून बास वाजवला आहे. काचेच्या कारखान्यात आठवडाभर काम, शनिवार-रविवार बास. खरा कामगारांचा आवाज त्यांच्याच बोटांतून आला. मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, आम्हाला तो आवाज आवडायचा म्हणून नव्हता. दुसरा परवडत नव्हता."

इतकी वर्षं शोषण झालं की माणसाला स्वतःचा वारसासुद्धा ओळखू येत नाही.

५ मार्च, मंगळवार

सराव. शर्लीच्या केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत. शर्ली गाते आणि बँडही तीच चालवते. तिचा नवरा बर्नार्ड ड्रम वाजवतो आणि बोलत नाही. डेस्मंड कीबोर्डवर. जुनी नाचाची गाणी वाजवतो आम्ही, साठच्या दशकातली. तीही डेस्मंड प्लास्टिकच्या पेटीवर वाजवतो! मला एकटीलाच लाज वाटते.

मोठी बातमी. रविवार १७ तारखेला हॅलम लेनच्या कामगार क्लबात दुपारी आमची चाचणी. पसंत पडलो तर वर्षभर दर रविवारची दुपार आमची. सगळे खूश. मग शर्लीने माझ्या अ‍ॅम्पकडे पाहिलं आणि म्हणाली, "बेथनी, त्या शवपेटीमुळे माझं गाणं मला ऐकू येत नाही. सतराला तुझ्यामुळे बिनसलं तर दुसरा बँड बघायचा. स्पष्ट सांगते."

शवपेटी!

मी तिला अ‍ॅनलॉग आणि डिजिटलमधला फरक वीस मिनिटं समजावला. तिने तेवढ्यात एका बाईच्या केसांतले रोलर काढले.

मला हा बँड हवा आहे. इथे लिहिते, कारण त्यांना सांगणार नाही. कॉल सेंटरमध्ये आठ तास लोकांच्या शिव्या ऐकल्यावर मंगळवार आणि गुरुवार या दोनच संध्याकाळी मी कोणीतरी असते.

७ मार्च, गुरुवार

डेस्मंड सरावानंतर थांबला. अतिशय गोड आवाजात (हा माणूस कधी चिडतच नाही, हेच मला खटकतं) म्हणाला, "माझ्याकडे पायाने दाबायचं एक पेडल आहे, साबणाच्या वडीएवढं. त्यात आवाजाच्या रूपात तुझा हा अ‍ॅम्प आहे. अजून एकोणचाळीस आहेत. घेऊन जा हवं तर. पाठीला आराम."

मी म्हणाले, डेस्मंड, फोटोतल्या शेकोटीने हात शेकतोस का?

तो म्हणाला, नाही, पण फोटो जिन्याने वर न्यायला सोपा पडतो.

बर्नार्ड हसला. बर्नार्ड!

संकल्प: डेस्मंडशी फक्त कामापुरतं बोलणे.

१० मार्च, रविवार

क्लब पाहून आले. कार्यक्रमांचे सचिव मिस्टर पिकर्सगिल. वय ऐंशीच्या पुढे, टाय घट्ट, खिशात चार पेनं. त्यांनी मला स्टेजवरच्या भिंतीवर एक पेटी दाखवली. तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून नगरपालिकेने बसवली. आवाज वाढला की पिवळा. लाल पाच सेकंद राहिला की स्टेजची वीज बंद. आपोआप. कोणाला विचारणं नाही.

मी म्हणाले, सर, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मोठ्यानेच खरा वाजतो. हळू वाजवला तर त्याचा गाभाच येत नाही.

ते म्हणाले, "पोरी, गाभा हिरव्यात बसतो का बघ."

इथे माणसं खाणीत आणि कारखान्यात आयुष्यभर कानठळ्या सोसत जगली, आणि त्यांच्याच क्लबात त्यांच्याच आवाजावर पहारा! बसमध्ये निवेदन लिहायला घेतलं. बस गचके देत होती. उद्या लिहीन.

१३ मार्च, बुधवार

निवेदन झालं नाही. कॉल सेंटरमध्ये जादा पाळी.

बासच्या तारा पुसू नयेत असं माझं मत बनलं आहे. बासच्या आधीच्या मालकाने या तीस वर्षं बदलल्या नाहीत. बोटांचा मळ हाच त्यांचा आवाज. बाबा ओल्या फडक्याने पुसायला निघाले होते. मी वेळेवर पोचले. घरात कोणी कशाचा आदरच करत नाही.

१६ मार्च, शनिवार

उद्या.

सगळं ठरलं आहे. आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवून वाजवीन. सुरुवात हिरव्यात, मग हळूहळू पिवळ्यात, लालला स्पर्शसुद्धा नाही. हा संयमाचा प्रश्न आहे आणि संयम माझ्याकडे आहे.

शर्लीचा फोन. "छोटं काहीतरी आण, बाई, पाया पडते." मी फोन ठेवला.

१७ मार्च, रविवार. सकाळी १०

अ‍ॅम्प व्हॅनमध्ये चढवताना बाबांची कंबर धरली. तरी आले. "तुझं नाव पोस्टरवर आहे, बघायला तर हवं," म्हणाले. पोस्टरवर माझं नाव बेटनी छापलंय. हा विषय नंतर घेईन.

त्याच दिवशी, सायंकाळी ६

सगळं क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं तरच पटेल.

पहिला भाग. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. शर्लीचं तोंड उघडं, आवाज नाही, मागे बर्नार्ड एकटा बडवतोय. वीज आली तसे बाकीचे लगेच सुरू झाले. मला व्हॉल्व्ह तापेपर्यंत दीड मिनिट उभं राहावं लागलं. चौथ्या गाण्याला परत. सहाव्याला परत. तिसऱ्या वेळी मागच्या टेबलावरच्या एका आजी ओरडल्या, "विजेचं बिल भरलं नाही का तुम्ही?" सगळा हॉल हसला. शर्ली माझ्याकडे बघत नव्हती. तेच जास्त भयंकर.

मी अर्ध्यावरच ठेवला होता. जवळजवळ. अर्ध्याच्या थोडा पुढे.

मग मध्यंतर आणि बिंगो. बिंगोच्या वेळी इथे कोणी खोकतसुद्धा नाही. पिकर्सगिल आकडा पुकारायला उभे राहिले आणि माझा अ‍ॅम्प गूं. ते थांबले. सगळ्या माना माझ्याकडे. ते माइकवर म्हणाले, "त्या मधमाशा बाहेर न्या, नाहीतर गप्प करा." मी धावत जाऊन स्टँडबायचा खटका खाली केला. जुन्या अ‍ॅम्पना तो असतो: व्हॉल्व्ह तापलेले राहतात, अ‍ॅम्पवरचा लाल दिवा चालू राहतो, फक्त आवाज थांबतो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच मिनिटं. रागाने.

दुसरा भाग. आणि काय सांगू! काहीतरी जुळलं. मी मान खाली घालून वाजवायला लागले आणि आवाज असा गोल, असा ऊबदार. भिंतीवरचा दिवा शेवटपर्यंत हिरवा! म्हातारी माणसं उठून नाचली. माझं बोट आणि तो आवाज यांत काही अंतरच राहिलं नाही. व्हॉल्व्ह पूर्ण तापले की ते स्वतःच शांत होतात, हे कुठल्याही पुस्तकात नाही. आज मला कळलं.

पहिल्या भागात दोन्ही हातांनी भरमसाट सूर वाजवणारा डेस्मंड दुसऱ्या भागात निम्मेच वाजवत होता. कळलं असेल त्याला.

शेवटी पिकर्सगिल स्वतः आले. म्हणाले, "आता कसं! बास असा पाहिजे. आहे हे कळतं, पण डोक्यात शिरत नाही." आम्हाला वर्षभराचे रविवार मिळाले! पहिला ३१ तारखेला.

शर्लीने सगळ्यांना मिठी मारली. मला सगळ्यात शेवटी.

१८ मार्च, सोमवार

बर्नार्डने फोनवर दुसरा भाग रेकॉर्ड केला होता. सकाळपासून अकरा वेळा ऐकला. बासच्या प्रत्येक सुराला सुरुवातीला किंचित फुगवटा आहे आणि शेवट मखमली. हे प्लास्टिकमधून येणं शक्य नाही. कॉल सेंटरमध्ये एका गिऱ्हाइकाला थांबवून ठेवून परत ऐकला.

आणि याच आवाजाला त्या बाईने शवपेटी म्हटलं होतं. माझी अजून कोणी माफी मागितलेली नाही. एक शब्द नाही.

१९ मार्च, मंगळवार

शर्लीला पत्र लिहिलं. अकरा मुद्दे. सुरुवात सौम्य होती. पाचव्या मुद्द्यापासून मी जरा खरं बोलले. नववा: यापुढे बँडमध्ये डिजिटल वाद्य नको. दहावा: डेस्मंडने जुना व्हॉल्व्हचा ऑर्गन घ्यावा किंवा जागा सोडावी. अकरावा: हे मान्य नसेल, तर मी बँड सोडला असे समजावे.

बाबांना वाचून दाखवलं. ते कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडले होते. म्हणाले, "अकरावा काढ."

मी म्हणाले, तुम्ही आयुष्यभर अकरावा काढत आलात म्हणून आपण इथे आहोत.

त्यांनी कूस बदलली. जरा लागलं असेल. पण सत्य लागतंच. स्वतः नेऊन पत्र दारातून टाकलं.

२१ मार्च, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सरावाला गेले तर तिघं बसूनच होते. शर्लीच्या मांडीवर पत्र. ती म्हणाली, "डेस्मंड सहा वर्षं आमच्याबरोबर आहे. त्याला तू घालवणार?" मी म्हणाले, प्रश्न माणसाचा नाही, आवाजाचा आहे, सिद्ध करते. रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक ठिकाणी थांबवून दाखवलं: हा फुगवटा, ही मखमल, इथे काच तापल्याचं ऐकू येतंय. बर्नार्ड खोकत होता. डेस्मंड बुटांकडे बघत होता.

मी म्हणाले, डेस्मंड, तूच सांग. हे तुझ्या पेटीतून निघेल का?

"जाऊ दे ना, बेथनी."

घाबरलास, मी म्हणाले.

तो खूप हळू म्हणाला, "बिंगोनंतर तू खटका वर केलाच नाहीस. अ‍ॅम्पचा लाल दिवा चालू होता, म्हणून तुला कळलं नाही. मी पाहिलं. तुला हाक मारली असती तर सगळ्यांसमोर झालं असतं. म्हणून बास मीच डाव्या हाताने पेटीवर वाजवला."

मी म्हणाले, खोटं. त्याने उभ्याउभ्या डावा हात पेटीवर ठेवला आणि तिसऱ्या गाण्याची सुरुवात वाजवली. फुगवटा. मखमल.

शर्लीलासुद्धा माहीत नव्हतं. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "अकरावा मुद्दा मान्य."

डेस्मंड म्हणाला, शर्ली, असं नको करूस, पोरगी आहे. मला त्याचा इतका राग आला, इतका. त्याने निदान हसायला हवं होतं.

२२ मार्च, शुक्रवार

विचार केला. डेस्मंडच्या पेटीतला बासचा आवाज कोणीतरी कधीतरी खऱ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवरूनच उचलला असणार. म्हणजे मी जे ऐकलं ते मुळात व्हॉल्व्हच होते. म्हणजे माझे कान ओळखायला चुकले नाहीत. तत्त्वतः मीच बरोबर.

शर्लीला हे कळवायला फोन केला. तीन वेळा. दुकानातली मुलगी म्हणाली, मॅडम रंग लावतायत.

२४ मार्च, रविवार

बाबांना विचारलं, तुम्ही बघायला होतात, तुम्हाला कळलं नव्हतं? म्हणाले, नाही. मी ओरडले: तुम्ही अकरा वर्षं बास वाजवलात आणि तुम्हाला कळलं नाही?

ते म्हणाले, "मी तुझ्याकडे बघत होतो, बाळा. ऐकत कुठे होतो."

दार आपटून वर आले. बराच वेळ अ‍ॅम्पवर बसून राहिले. चालू केला नाही.

२८ मार्च, गुरुवार

आठ वाजता घरीच होते. गुरुवारी आठ वाजता घरी काय करायचं असतं?

डेस्मंडचा निरोप आला: रविवारी ये, बसायला जागा धरतो. उत्तर दिलं नाही. चार उत्तरं लिहिली आणि खोडली. सगळ्यांत कडक उत्तर सगळ्यात चांगलं होतं.

३१ मार्च, रविवार

बाबांना क्लबात मांस बक्षीस असलेल्या सोडतीची तिकिटं काढायची होती, म्हणून त्यांना सोडायला गेले. त्यांची कंबर अजून ठीक नाही. नाहीतर गेले नसते.

दाराजवळच्या टेबलाशी बसले. ठरवलं होतं, डेस्मंडचा बास आणि फक्त बास ऐकायचा, उणिवा टिपून घ्यायच्या, शांतपणे, रागाशिवाय. वहीसुद्धा नेली होती. शर्लीने पहिलं गाणं उचललं. शेजारी मागच्या वेळच्या त्या आजी होत्या. त्यांनी विचारलं, तू कोणाची गं? मी बाबांचं नाव सांगितलं. म्हणजे नेव्हिलची शिकलेली मुलगी! मग त्यांच्या नातवाला लीड्सच्या विद्यापीठात प्रवेश हवा आहे, अर्ज कसा भरायचा, वसतिगृह मिळतं का, आईवडिलांपैकी कोणी शिकलेलं नसेल तर वेगळी मदत असते का. असते. मी सगळं सांगितलं. वहीतलं पान फाडून त्यांना लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, पर्समध्ये नीट ठेवलं.

टाळ्या वाजल्या तेव्हा वर पाहिलं. पाच गाणी झाली होती. बास कसा होता, मला सांगता येणार नाही.