काळा डॉलर

ती. आप्पासाहेब मामांस,
मच्छिंद्रचा नमस्कार.

लिहितो-लिहितो म्हणत महिना घालवला. मंडईजवळ एक पोपटवाला बसतो, त्याच्यापाशीच माझ्या दुपारी जातात, ते असो. लक्ष्मीपूजनाला मामीनं तुमचा १८९३चा अमेरिकन चांदीचा डॉलर रांगोळीनं घासून लखलखीत केला. तेवढ्यावरून तुम्ही अबोला धरलात आणि ती हडपसरला भावाकडे निघून गेली.

मी शनिवार पेठेतल्या नाणीवाल्या हमीदभाईंना विचारलं, "चकचकीतच चांगला ना?"

"मुलगी बघायला आलायस का? शंभर वर्षांची काळी झाक गेली, की शौकीन माणूस हात लावत नाही."

त्यांच्याकडे तसाच काळा डॉलर निघाला. माझी फटफटी देऊन घेतला. आता पायी फिरतो, रस्तेही जास्त दिसतात. पण मामा, हा मिळाल्यावर मामीला परत आणाल ना? आधी तेवढं कळवा, मगच

थांबा, दार वाजलं.

मामीच आलीय, हातात तो घासलेला डॉलर घेऊन. पाणीसुद्धा न घेता विचारतेय, "मच्छिंद्रा, असलाच पण काळा कुठं मिळंल रं?"

आता हे पत्र टाकत नाही. नाणं तिच्याच हातानं येईल.

तुमचा भाचा,
मच्छिंद्र