भर दुपारी लावलेली ज्योत

अप्पा, आज माझी नात सहज बोलून गेली की हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. तिच्या कॉलेजात साखरेच्या पाण्यात जिवाणू सोडून तोच वायू काढतात म्हणे. निजामाच्या अमलात, वालूरच्या शाळेत मास्तर असताना तुम्ही हेच आपल्या चुलीमागे करत होतात. मी ऐकून घेतलं आणि भाजी निवडत बसले.

त्या साली मी पंचमीला माहेरी आले होते. लढाईमुळे रॉकेल मिळेना, आणि सडक्या गुळाच्या वायूवर गावाच्या चुली पेटवायच्या, हे तुमच्या डोक्यात बसलेलं. आडाच्या तळचा गाळ उकळून तुम्ही गूळपाण्यात कालवलात, रांजणाचं तोंड कणकेनं लिंपून पितळी नळी बसवलीत, वायू चुन्याच्या निवळीतून काढलात. नासक्या लोण्यासारखा वास घरभर. रोज लिंगपूजा होणाऱ्या घरात मास्तर दारू गाळतात, अशी कुजबुज सुरू झाली. आई म्हणाली, "रांजण फोडा, न्हाईतर मला माहेरी धाडा." तुम्ही कुणाचं ऐकणारे थोडेच! दारू पकडायला आबकारीचा जमादार आला, तेव्हा आपलं काही चोरून नाही हे दिसावं म्हणून रांजण अंगणात ओढलात, भर उन्हात, चार माणसांदेखत. अप्पा, इथंच चुकलात. अंधाऱ्या स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसलं असतं.

नळी मी धरली आहे. "हात लांब ठेव, भाजशील," असं म्हणून तुम्ही काडी लावता. काहीच दिसत नाही. जमादार वाकून बघतो. "मास्टर, आग किधर है?" लोक हसतात. नळीच्या तोंडाशी नुसतं ऊन आहे. तिथं माझं बोट जातं आणि चर्रकन भाजतं. मी ते पदरात लपवते. सांगूनही हात पुढे नेला म्हणून चारचौघांत रागवाल, एवढीच तेव्हा भीती. जमादारानं काठीनं रांजण फोडला. पुढं नोकरीही गेली.

त्यानंतर तुम्ही गूळ चहातसुद्धा घेतला नाहीत. शेवटच्या दुखण्यात सारखं विचारायचात, "काय चुकलं आसंल गं? गाळ, का निवळी?" मी पाय चेपत म्हणायची, आता कशाला ते. भाजलेल्या त्याच हातानं चेपत होते. एक वाक्य पुरलं असतं, पण इतक्या उशिरा सांगायची लाज वाटली.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून तर लिहवतंय. नातीनं आज मला नवं काही सांगितलं नाही, अप्पा. ज्योत पेटली होती, हे मला त्याच दुपारी कळलं होतं.