कुस्तीपुरतं काढून ठेवलेलं

१२ जून २०१०, लातूर
न खेळताच हरले! पंचांनी गळ्याकडे बोट केलं — "हे काढ." मी नाही म्हटलं. त्यांनी समोरच्या मुलीचा हात वर केला. झालं.

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग काढत नाहीत. जन्मल्यावर बांधलं ते अंघोळीलाही गळ्यातच. जत्रेत मातीवर खेळताना लिंगाची डबी कपड्यात खुपसून ठेवायचे, कुणी हटकलं नाही. मॅटवर नियम. माझे कोच शेषेराव सर एवढंच म्हणाले, "शिवकांता, ह्यात मी काय सांगू बाई." चिडले असते तर बरं झालं असतं.

१३ जून
आईला विचारलं. ती मेसच्या पोळ्या लाटत होती. लातुरात क्लासच्या मुली वाढल्यापासून तिला मान वर करायला सवड नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात बाबा गेले. मी पाच महिन्यांची, ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. त्यामुळे उत्तर मला पाठच होतं — "तू वाचलीस ती त्याच्यामुळं. खेळ खुशाल. पण ते अंगावरून उतरवायचं न्हाई."

स्वतः रोज भिंतीकडे तोंड करून लिंगपूजा करते. त्याआधी चहासुद्धा नाही. मी आपली उरकते.

२२ ऑगस्ट, नांदेड
काढलं. सरांनी धुतलेला रुमाल पुढे केला, त्यात ठेवलं. गळा इतका हलका लागला की भीती वाटली. पहिला गुण गेला तेव्हा वाटलं, शिक्षाच ही. मग स्वतःचाच राग आला आणि त्या रागात समोरचीला चितपट केली.

फोनवर आई — "गळ्यात हाय नव्हं?"
"हाव."
तेव्हा परत घातलं होतं. म्हणजे खोटं नाही. असं नांदेडपासून लातूरपर्यंत मनाला समजावत आले. खोटंच ते.

५ मार्च २०११
पुणे, रांची, सोनीपत. दरवेळी रुमाल, दरवेळी "हाव".

११ जुलै २०१२, अल्माटी
कांस्य! छातीवर देशाचं नाव आणि मी रडून राहिले, वेडी. संघाच्या कोचबाईंनी लिंग पर्समध्ये ठेवलं होतं — किल्ल्या, गोळ्या, चिल्लर ह्यांच्यात. घेऊन आधी कपाळाला लावलं.

१५ जुलै, लातूर
स्टेशनवर हलगी, हार, सगळं. आई आली नव्हती. मेसच्या मुलींनी पेपरातला फोटो भिंतीवर लावलाय. पंचांनी माझा हात वर धरलाय, गळा उघडा. फोटोचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दोन वर्षं सांभाळलेलं असं उघडं पडलं.

आईने वाढलं. मग पाठ फिरवून पोळ्या लाटायला बसली.

१६ जुलै
आजही तशीच पाठमोरी. तिने कानाखाली मारली असती तर सोसलं असतं. आता सांगून टाकते तिला — कुस्ती सोडते.

१७ जुलै
रुमाल, कोचबाईंची पर्स, सगळं सांगितलं आणि "कुस्ती सोडते," म्हटलं. आईने आपल्या गळ्यातली डबी काढून माझ्या हातावर उघडली. रिकामी.

"ढिगारा उपसताना दोरा वाशात अडकला. पुढं तुझा पाय दिसून राहिला होता. तोडला म्या. मागनं डबी घावली, आतलं लिंग न्हाई. स्वामींकडं दुसरं मागायचं तोंड झालं न्हाई."

एकोणीस वर्षं ती भिंतीकडे तोंड करून रिकाम्या डबीची पूजा करत होती.

मग डोळे पुसले, परात पुढे ओढली. "पुढच्या कुस्तीला मला ने. लोकाच्या पर्शीत नको. म्या धरते."