बाबांच्या मेपलची पानं

दादा,

मी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन जातेय. तू घोरत होतास म्हणून लिहितेय, नाहीतर तोंडावरच बोलले असते.

काल मी कामावर गेल्यावर तू बाबांच्या बोन्साय मेपलचं एकूण एक पान कातरलंस. पानं काढली की नवी बारीक फुटतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ते धडधाकट झाडाला करतात! याची मुळं छाटून यंदाच कुंडी बदलली होती, सगळा जीव त्या पानांवर होता. एक फोन करायला काय झालं होतं? वर्षातून चार दिवस यायचं आणि शहाणपणा करून जायचं.

आता एवढं तरी कर. कुंडी गच्चीतून काढून मागच्या दाराशी सावलीत ठेव. पानंच नाहीत तर झाड पाणी कसं ओढणार? वरची माती सुकल्याशिवाय थेंबही घालू नकोस. खत तर मुळीच नको.

बाबांना हल्ली महिने लक्षात राहत नाहीत, हे तुला कितीदा सांगितलं. "वय झालंय" म्हणून उडवून लावलंस. ते झाडाकडे बघून ऋतू ओळखतात. सकाळी बोडक्या फांद्यांवरून हात फिरवत म्हणाले, "पानगळ झाली की गं! मला कळलंच नाही." मी म्हटलं, दादाने कापली. तर माझ्यावरच चिडले, "तो विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

मग आत जाऊन त्यांनी स्वेटर घातला. या उकाड्यात घामाने निथळताहेत, पण काढू देत नाहीत. तसेच घेऊन निघालेय.