दुखवट्याच्या दारातली चाल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरत नाही. परवा तर पुन्हा डोक्यात गेला. पानशेतच्या एका हॉटेलात पुण्याच्या पाहुण्यांसमोर मी तुमचं क्लॅरिनेट वाजवलं. तीच चाल. वरात दुखवट्याच्या घरावरून निघाली की आपला बँड बंद व्हायचा, ताशा गप्प, आणि ते दार मागे पडेपर्यंत तुम्ही एकटेच हळू आवाजात वाजवायचात, ती. भोरातले बाकीचे बँडवाले नुसते गप्प चालायचे. निवेदकाने आधी मलाच अर्थ विचारला. माहीत नाही म्हणालो, तर पठ्ठ्याने स्वतःच माइकवर सांगून टाकलं, की हे मेलेल्या माणसासाठीचं रडणं आहे. झालं! लोकांनी लगेच माना खाली घातल्या, मोबाईल वर केले. आणि वाजवताना मलाही त्यात रडण्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना. असा संताप आला म्हणून सांगू!

कार्यक्रम संपला तशा तिथे भाकऱ्या करणाऱ्या वेल्ह्याकडच्या मावशी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "बँडमास्तरांचा ल्योक न्हवं तू? माज्या वरातीत त्यांनी ह्येच वाजवलं व्हतं. सगळा बँड गप, आन् ते एकटे माज्यासाठी वाजवत व्हते. लेकीसुनांना मी कौतुकानं सांगत आले. आन् त्यो बाबा म्हंतो, ह्ये मयताचं?"

वाटेत कुणाचं दार होतं, हे त्या नवरीला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही त्या घरासाठी वाजवलंत की तिच्यासाठी, मला काय माहीत? चिडून मी म्हणालो, "ऐकलंत ना? मग झालं."

तुमचंच वाक्य. आई गेली तो आठवडा. स्वयंपाकघरात चूल थंड आहे, तुम्ही तिच्यापाशी बसून हीच चाल वाजवताय आणि मी दारात उभा आहे. आबा, हे कशाचं आहे, असं मी विचारतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "ऐकलंस न्हवं? मग झालं." तेव्हा मी मुकाट्याने अंगणात गेलो. मावशी मात्र तशा गेल्या नाहीत. "व्हय, ऐकलं. म्हनून तर इचारतीया," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

वाजवणाऱ्याने अर्थ सांगत बसू नये, हे तुमचं मला आजही पटतं. त्या निवेदकाने एका वाक्यात एका बाईची वरात नासवली. पण तुमच्या गप्प बसण्याने तरी कुणाचं काय भलं झालं? मावशींना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण तुम्ही काही ठेवलंच नाहीत.

हा कागद क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? खरं सांगायचं तर त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मला चालीचा अर्थ नकोच होता, आबा. तुम्ही आईबद्दल काहीतरी बोलाल, म्हणून विचारलं होतं.