बादलीचं वजन

३ डिसेंबर

ज्योत आज पुन्हा पिवळी. चहाला उकळी यायच्या आत विझली. बायोगॅसची टाकी बसवून दोन महिने झाले — आणि आत्ताच ही अशी आजारी. बसवून देताना रामहरी म्हणाला होता, "ताई, दिवसाला दीड किलो खरकटं. वर गेलात तर आतलं आंबेल, मग गॅस विसरा." मी रोज बादली काट्याला अडकवते, इथे लिहून ठेवते. आज दोन किलो शंभर. नवरा, सासूबाई आणि मी, तीन माणसांच्या घरात?

नृसिंह म्हणाला, "निम्मी बादली तुझ्या काळजीनंच भरत असेल."

हसले. झोप मात्र नाही.

५ डिसेंबर

परसात आंबट वास. गाय विकल्यावर गोठ्याची रिकामी जागा बघवेना, म्हणून तर तिथे टाकी बसवली. ती मेली तर?

मागची पानं चाळली. ऑक्टोबरात दीड. नोव्हेंबरात पावणेदोन. म्हणजे कुणीतरी थोडं थोडं वाढवतंय.

सासूबाईंना विचारलं. आई मागच्या ओट्यावर एकट्याच जेवतात — गाईशी बोलत जेवायची सवय, गाय गेली तरी जागा सुटली नाही. त्यांना काही दिसलं असेल, असं वाटलं. "मला काय कळतंय त्या टाकीतलं," म्हणाल्या.

६ डिसेंबर

आज चुकले. भांडी घासायला येणाऱ्या जयाला विचारलं, दुसऱ्या घरचं उष्टं आमच्या बादलीत टाकतेस का?

"वैनी, कामवाली घरातलं न्हेती, असं लोक म्हनत्यात. आनून टाकती म्हननाऱ्या तुमी पहिल्याच."

चेहरा हसरा, पण पातेली आपटत होती. जाताना म्हणाली, "बादलीत हात तर घाला. वर साली, खाली दूधभाकर. कुनाच्या घरची हाय ती?"

७ डिसेंबर

हात घातला. दुधात बारीक कुस्करलेली भाकरी. अशी कुस्करतात फक्त आई.

विचारलं, तर लगेच म्हणाल्या, "गोग्रास काढते मी. गाय नाही, मग तिच्या जागी जी बसलीय, तिला."

टाकीला गोग्रास! किती दिवसांनी हलकं वाटलं. जवळ बसून सांगितलं, आई, घासभरच काढा, तिला पचत नाही. "बरं," म्हणाल्या.

जयाची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," एवढंच.

१० डिसेंबर

दोन किलो दोनशे.

११ डिसेंबर

आईंचं पोलकं काखेत उसवलेलं. टाका घालायला उलटं केलं. दोन्ही कडांनी आत घेतलेलं — तीन शिवणी, एकीच्या आत एक. हातशिलाई. टाके त्यांचेच.

गोग्रास घासाएवढा असतो. हे मला आधी का सुचलं नाही?

१२ डिसेंबर

बादली आत नेऊन ठेवली. माझं ताट घेऊन ओट्यावर त्यांच्यासमोर बसले.

पहिला घास त्यांनी किती तरी वेळ तोंडात धरला. मग पदरात काढला.

"खाली उतरत नाही गं."

कधीपासून, आई?

"गाय होती तेव्हापासून. ती खायची सगळं. वजन नाही करायची."